पाण्याच्या पाळीची वही

हिलाल भामरे, फडाचे हवालदार.
त्यांची पत्र्याची पेटी नातवानं
रद्दीवाल्याच्या काट्यावर ठेवली होती.
किलोला बारा रुपये, साडेनऊ किलो.
मी तेरा म्हणालो.

पेटीत वह्या. पांझरेच्या पाण्याच्या.
काही मोडी, काही बाळबोध,
एका पानावर गुळाचं बोट, त्याला चिकटून मेलेला मुंगळा,
आणि कुणाचं शेत कधी भिजलं याची नोंद:
‘थळ तिसरं. उखर्डू देवरे. चिंचेची सावली बांधाला लागेतो.’
मग ‘पाळी पुढची’, आणि पुढचं नाव.

वाचनालयाचे अध्यक्ष म्हणाले, कपाटात ठेवा.
चांगलं कुलूप घ्या, पावती आणा.
आणि हळूच म्हणाले,
यात दंडाची पानं आहेत, बागूल,
रात्री कुणी कुणाचं पाणी फोडलं, सगळं आहे.
आज ज्यांच्या नावाच्या कमानी उभ्या आहेत गावात
त्यांचे आजे आहेत.

मी कुलूप घेतलं. पावतीही आणली.

तीन आठवडे किल्ली खिशात होती.
चौथ्या आठवड्यात एकशे चाळीस पानांचं झेरॉक्स काढलं,
उधारीवर,
आणि पिंपळनेरच्या बाजारात
मिरचीवाली आणि सुकटवाल्याच्या मधे सुतळी ताणली.
कपड्यांचे चिमटे घरून आणले, बायकोला न विचारता.
पाटीवर काय लिहावं ते सुचेना.
‘वाचा’ एवढंच लिहिलं.

पहिला तासभर कुणी नाही.
एक बकरी आली,
सन एकेचाळीसचा कोपरा चघळून गेली.
मग एक गडी थांबला, पिशवी खाली ठेवली,
ओठ हलवत वाचू लागला,
आणि त्याच्यामागे माणसं दाटली,
जशी भांडणाभोवती दाटतात.

ठगूबाई देवरे, काठी टेकत,
‘मना बाप शे का तठे?’
होता. उखर्डूच तो.
सन अठ्ठेचाळीस, चैत्र. रात्री पाट फोडला. दंड चार आणे.
मी त्या ओळीवर अंगठा ठेवला
आणि वरची, सावलीची ओळ वाचू लागलो.
तिच्या नातीनं माझा अंगठा उचलला
आणि सगळं वाचलं, मोठ्यानं,
सुकटवाल्यापर्यंत जाईल असं.

म्हातारी गप्प.
मला अध्यक्षांची मिशी दिसू लागली.

‘खरं शे,’ ती म्हणाली. ‘पन कंदील कोनी धरेल व्हता?
ते लिखेल शे का?’
नव्हतं.
‘मी धरेल व्हता. धा वरीसनी व्हती.
लिख मंग.’

माझ्याकडे पेन्सिल होती.
समासात जागाही होती,
हवालदारांनी बोटभर सोडलेली,
कशासाठी, देव जाणे.
मी लिहिलं: कंदील, ठगू, वय दहा.
तिनं ते नातीकडून दोनदा वाचून घेतलं
आणि मिरचीचा भाव करायला गेली.

संध्याकाळपर्यंत समास भरत गेले.
हा सांगे, चिंच ती नव्हेच, पलीकडची.
तो सांगे, दंड भरलाच नाही, कोंबडा दिला.
एकानं घरून बापाची शेतसाऱ्याची पावती आणली
आणि चिमटा मागितला.
दोघं भांडलेही, अध्यक्ष म्हणाले होते तसे,
बंधाऱ्याच्या एका दगडावरून,
आणि तो दगड दाखवायला
एकाच मोटारसायकलवर बसून गेले.

अंधार पडला तेव्हा वह्या कपाटातच होत्या, कोरड्या.
सुतळी मात्र वाचनालयाच्या ओट्यावर तशीच राहिली.

सकाळी एक पान नव्हतं.
चिमटा तेवढा होता, तोंड मिटून.
कुणाचं पान ते मला ठाऊक आहे,
कोण घेऊन गेलं असेल त्याचाही अंदाज आहे:
लाज वाटून, की फ्रेम करायला,
ते विचारणार नाही.

दुसरी प्रत काढली. दोन रुपये.
आणि पेटीतल्या शेवटच्या वहीची कोरी पानं होती,
त्यातल्या पहिल्यावर तारीख घालून लिहिलं,
भामऱ्यांच्या धाटणीत, जमेल तसं:
‘रात्री पाट फोडला. नाव लिहिलं नाही.
दंड माफ.
पाळी पुढची.’